पॉवर मेटल आणि मेलोडिक रॉक: योग्य आवृत्ती निवडावी, मागवावी, तपासावी आणि रिप करावी कशी

तक्रारी नेहमीच्याच असतात. जपानी सीडी मागवली, बोनस ट्रॅक निघालाच नाही. रिमास्टर घेतले, ते जुन्यापेक्षा कानाला टोचते. गाण्यांची नावे तीच, पण गायक दुसराच. तिन्ही ठिकाणी चूक एकच झालेली असते: अल्बमचे नाव आणि मुखपृष्ठ पाहून पैसे भरले, आवृत्ती पाहिलीच नाही. पॉवर मेटल (वेगवान, सुरेल हेवी मेटल) आणि मेलोडिक रॉकमध्ये हा घोळ जरा जास्तच होतो. एकाच अल्बमची युरोपीय, अमेरिकी आणि जपानी प्रत वेगळी निघते, लेबलांचे मालक बदलत राहतात, आणि पाच-दहा वर्षांनी कोणी ना कोणी वर्धापनदिनाची आवृत्ती काढतेच.

पहिले पाच टप्पे पैसे भरण्याआधीचे आहेत. रिप करणे, म्हणजे सीडी संगणकावर उतरवणे, नंतर येते. बरेच जण थेट सहाव्यापासून सुरुवात करतात आणि मग पार्सल परत कसे पाठवायचे ते शोधत बसतात.

## आधीची तयारी

एक साधी स्प्रेडशीट उघडा. रकाने असे ठेवा: बँड, अल्बम, मूळ वर्ष, या आवृत्तीचे वर्ष, देश, लेबल, कॅटलॉग क्रमांक, बारकोड, मॅट्रिक्स (डिस्कवर कोरलेला मजकूर, टप्पा २ पाहा), गाण्यांची संख्या, एकूण वेळ, शेरा. कंटाळवाणे वाटते, पण पन्नास-साठ सीड्या झाल्यावर दोनदा तीच प्रत मागवण्यापासून हीच स्प्रेडशीट वाचवते.

हाताशी ठेवायच्या वस्तू: बाहेरून जोडायचा यूएसबी सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह, छोटे भिंग, टॉर्च, मऊ मायक्रोफायबर कापड, दोन-चार रिकाम्या ज्यूएल केस (प्रवासात केस फुटतेच) आणि ओळखीचे हेडफोन. हेडफोन महाग असायला हवेत असे नाही, तुमच्या कानाला सवयीचे हवेत.

माहितीसाठी दोन जागा पुरतात. डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर प्रत्येक प्रेसिंगची (डिस्कच्या प्रत्येक छपाईची) वेगळी नोंद असते, कॅटलॉग क्रमांक आणि मॅट्रिक्ससकट. मेटल आर्काइव्ह्जवर बँडच्या सदस्यांची आणि ध्वनिमुद्रणाची माहिती चांगली मिळते, मात्र तिथे निव्वळ मेलोडिक रॉक किंवा एओआर (रेडिओला साजेसे सुरेल रॉक) बँडना प्रवेश नाही. हॅरेम स्कॅरेम तिथे सापडला नाही म्हणून तो दुर्मीळ समजू नका.

## टप्पा १: ध्वनिमुद्रण नेमके कोणते, ते ठरवा

इथे चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानांच्या पानांवर त्या सर्रास एकमेकींत मिसळलेल्या असतात.

मूळ ध्वनिमुद्रण म्हणजे त्या वर्षी बाजारात आलेले. रिमास्टर म्हणजे तेच मिक्स, फक्त शेवटच्या टप्प्यावर पातळी आणि स्वरसंतुलन नव्याने केलेले. रिमिक्स म्हणजे मूळ मल्टिट्रॅकपर्यंत (वाद्ये वेगवेगळी नोंदलेल्या ध्वनिमुद्रणापर्यंत) मागे जाऊन ड्रम, गिटार, गायन यांचे प्रमाण पुन्हा लावलेले. रि-रेकॉर्डिंग म्हणजे बँडने गाणी स्टुडिओत पुन्हा वाजवलेली.

प्रत्येकाचे खरे उदाहरण लक्षात ठेवा, म्हणजे गोंधळ होणार नाही:

- ब्लाइंड गार्डियनचे जुने अल्बम २००७ मध्ये रिमास्टर होऊन आले. २०१८ च्या पुनर्प्रकाशनांत नवे मिक्स आहेत. या दोन पिढ्यांतला फरक फक्त आवाजाच्या मोठेपणाचा नाही. ड्रम आणि गायन वेगळ्या जागी बसलेले ऐकू येते.
- एडगायचा ‘द सॅव्हेज पोएट्री’ (२०००) हा बँडच्याच १९९५ च्या स्वतः काढलेल्या अल्बमचे रि-रेकॉर्डिंग आहे.
- सोनाटा आर्क्टिकाचा ‘एक्लिप्टिका’ १९९९ चा. २०१४ चा ‘एक्लिप्टिका रिव्हिजिटेड’ पुन्हा वाजवलेला.
- हॅरेम स्कॅरेमचा ‘मूड स्विंग्ज’ १९९३ चा, ‘मूड स्विंग्ज २’ हे २०१३ चे रि-रेकॉर्डिंग.
- गॅमा रेच्या ‘ब्लास्ट फ्रॉम द पास्ट’ (२०००) मध्ये आधीचा गायक राल्फ शीपर्स याच्या काळातली गाणी काय हान्सनने पुन्हा गायली आहेत. शीपर्सचा आवाज हवा असेल तर हा संच तुमच्यासाठी नाही.

रि-रेकॉर्डिंग वाईटच असते असे नाही. पण सोनाटा आर्क्टिकाच्या पहिल्या अल्बमची मजा त्या कोवळ्या घाईत आहे. ती पंधरा वर्षांनी पुन्हा वाजवून येत नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने मूळच घ्यावे.

बँडच्या नावाचाही पेच असतो. रॅप्सडीने २००६ मध्ये ‘रॅप्सडी ऑफ फायर’ हे नाव घेतले आणि २०११ मध्ये लुका तुरिल्ली वेगळा होऊन ‘लुका तुरिल्लीज रॅप्सडी’ सुरू झाला. शोधपेटीत नुसते ‘रॅप्सडी’ टाकले की तिन्ही मिसळून येतात. क्वीन्सराइकच्या बाबतीत तर २०१३ मध्ये एकाच नावाने दोन बँडांचे दोन अल्बम आले.

तपासणी: निवडलेल्या आवृत्तीच्या प्रत्येक गाण्याची वेळ मूळ आवृत्तीशी ताडून पाहा. एक-दोन सेकंदांचा फरक गाण्यांमधल्या मोकळ्या जागेमुळे पडतो. पाच-दहा सेकंदांचा फरक बहुतेक गाण्यांत दिसला तर ते ध्वनिमुद्रणच वेगळे असण्याची शक्यता मोठी.

## टप्पा २: क्रमांक जुळवा

मुखपृष्ठ सारखे असले तरी कॅटलॉग क्रमांक वेगळा असतो. तो केसच्या कण्यावर, मागच्या कागदावर आणि डिस्कवर छापलेला असतो. तिन्ही ठिकाणी तोच हवा. कण्यावर एक आणि डिस्कवर दुसरा असेल तर कोणीतरी केस बदलली आहे.

जपानी प्रतींचे उपसर्ग पाठ करण्याजोगे आहेत: व्हीआयसीपी म्हणजे व्हिक्टर, एमआयसीपी म्हणजे मार्की-ॲव्हलॉन, केआयसीपी म्हणजे किंग, पीसीसीवाय म्हणजे पोनी कॅनियन. बारकोडची सुरुवात ४५ किंवा ४९ ने होते. विक्रेत्याच्या यादीत ‘जपान’ लिहिले आहे पण बारकोड ४० ते ४४ मधल्या आकड्यांनी सुरू होतो, तर ती जर्मन नोंदणीची प्रत आहे.

मॅट्रिक्स म्हणजे डिस्कच्या चकाकत्या बाजूला, मधल्या भोकाजवळच्या कड्यावर कोरलेला मजकूर. एकाच कॅटलॉग क्रमांकाखाली वेगवेगळ्या कारखान्यांची प्रेसिंग निघतात. त्यांतला फरक इथेच कळतो. आयएफपीआयचे (ध्वनिमुद्रण उद्योगाच्या जागतिक संघटनेचे) कोड १९९४ पासून येऊ लागले. म्हणून १९८७ च्या डिस्कवर ते नसणे स्वाभाविक आहे. उलट ‘१९८७ ची पहिली प्रेसिंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्कवर आयएफपीआय दिसला, तर ती पहिली प्रेसिंग नव्हे.

इशारा: नव्वदीच्या शेवटी रशियात छापलेल्या ‘एका डिस्कवर दोन अल्बम’ छापाच्या बनावट सीड्या आजही जुन्या बाजारात फिरतात. पॉवर मेटलच्या त्यांत पुष्कळ आहेत. खुणा अशा: मागच्या कागदावरची छपाई अंधूक, बुकलेट म्हणजे एकच घडी, आणि ऐंशी मिनिटांत बसवण्यासाठी एखादे गाणे गायब. अधिकृत जोडसंचही असतात, तेव्हा फक्त दोन अल्बम पाहून निकाल देऊ नका, सगळ्या खुणा एकत्र पाहा. खालची बाजू हिरवट किंवा जांभळट निळी दिसली तर ती छापलेली नाही, लिहिलेली सीडी-आर आहे.

अधिकृत प्रतींतही मजकूर वेगळा असू शकतो. हॅलोवीनचा ‘वॉल्स ऑफ जेरिको’ १९८५ मध्ये एलपीवर आला, तेव्हा त्यात अल्बमचीच गाणी होती. पुढच्या सीडीत आधी बँडची पहिली ईपी (चार-पाच गाण्यांची छोटी रेकॉर्ड) येते, मग अल्बम, शेवटी ‘जुडास’ हे गाणे. अल्बमची सुरुवात वेगळीच वाटली म्हणून डिस्क सदोष ठरवणारे असतात. डिस्क बरोबर आहे, क्रमच तसा आहे.

## टप्पा ३: जपानी प्रतीचा हिशोब

जपानमध्ये छापील किमतीखाली नवी सीडी विकता येत नाही, त्यामुळे बाहेरून आलेली प्रत स्वस्त पडते. स्थानिक ग्राहकाने स्थानिक प्रत घ्यावी म्हणून बोनस ट्रॅक दिला जातो. हे कारण कळले की पुढचे निर्णय सोपे होतात: बोनस ट्रॅक विक्रीसाठी जोडलेला असतो, अल्बमची रचना करताना तो बहुधा मोजलेला नसतो.

म्हणून आधी बोनस ट्रॅक काय आहे ते पाहा. तो चार प्रकारांतला असतो: पूर्ण नवे गाणे, जुन्या गाण्याचे डेमो, ध्वनिक रूप, किंवा दुसऱ्याच्या गाण्याची आवृत्ती. ‘एक्लिप्टिका’च्या जपानी प्रतीवरचे ‘मेरी-लू’ पूर्ण गाणे आहे. त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे. बॅलडच्या ध्वनिक रूपासाठी दुप्पट किंमत देणे मात्र संग्राहकाचे काम, ऐकणाऱ्याचे नव्हे.

मग तो ट्रॅक नंतर कुठे आला का ते शोधा. असे ट्रॅक पुढे सिंगल, संकलन किंवा रिमास्टरमध्ये येतात. स्ट्रॅटोव्हेरियसने २००१ च्या ‘इंटरमिशन’मध्ये असे बरेच सुटे ट्रॅक एकत्र केले. तीन जपानी प्रती गोळा करण्यापेक्षा असा एक संच स्वस्त पडतो.

ओबी, म्हणजे केसच्या कण्यावरून गुंडाळलेली कागदी पट्टी, ध्वनीत काहीच भर घालत नाही, पण किंमत ठरवताना तिचा मोठा वाटा असतो. ओबीवर प्रकाशनाची तारीख छापलेली असते, ती ओळख पटवायला उपयोगी. फक्त ऐकायचे असेल तर ‘ओबी नाही’ लिहिलेली प्रत मुद्दाम शोधा. डिस्क तीच, पैसे कमी.

एसएचएम-सीडी या वेगळ्या प्लास्टिकच्या जपानी सीडीबद्दल एवढेच पुरे: प्लास्टिक वेगळे आहे, त्यावर कोरलेले आकडे मास्टरिंगवर अवलंबून आहेत. मास्टरिंग जुनेच असेल तर आकडे तेच राहतात.

तपासणी: विक्रेत्याच्या फोटोत मागच्या कागदावरची शेवटची ओळ मोजा. यादीत बारा गाणी आणि फोटोत अकरा दिसत असतील तर फोटो दुसऱ्या प्रतीचा आहे. प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: मास्टरिंग किती दाबलेले आहे

पॉवर मेटलमध्ये हा मुद्दा इतर रॉकपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे, आणि त्याचे कारण वेगाच्या गणितात आहे. १८० बीपीएमच्या (मिनिटाला १८० मात्रांच्या) गाण्यात डबल बास (दोन्ही पायांनी वाजवायचा बास ड्रम) सोळाव्या मात्रांत, म्हणजे मात्रेचे चार भाग करून, चालला तर सेकंदाला १२ ठोके पडतात. वर दुहेरी गिटार, कीबोर्ड, खाली बास, आणि कोरसला दहा-वीस थरांचे गायन. या सगळ्याला लिमिटर (आवाजाची शिखरे दाबणारे साधन) लावून कमाल पातळीला भिडवले की ठोक्यांची टोके कापली जातात. बारा वेगळे ठोके ऐकू येण्याऐवजी एक घरघर उरते, आणि कोरस सुरू होताना आवाज मोठा होण्याऐवजी आक्रसतो. मेलोडिक रॉकमध्ये नुकसान दुसरीकडे होते: गायनाच्या शेवटी विरत जाणारा रिव्हर्ब आणि मागचे कीबोर्डचे पॅड पुढे ढकलले जातात, त्यामुळे सगळे एकाच पातळीवर उभे राहते.

डीआर म्हणजे डायनॅमिक रेंजचा आकडा. सर्वसाधारणपणे ८० च्या दशकातल्या सीड्या डीआर ११ ते १३ च्या आसपास येतात, आजची मेटल मास्टरिंग ५ ते ७ च्या. लोकांनी मोजलेले आकडे डीआर डेटाबेसमध्ये मिळतात. कॅटलॉग क्रमांक जुळवूनच पाहा, नुसत्या अल्बमच्या नावाने नाही.

तीन चुका इथे नेहमी होतात.

एक, एलपीवरून घेतलेल्या फाइलचा डीआर सीडीशी ताडणे. एलपीच्या प्रक्रियेत शिखरांची मांडणी बदलते, त्यामुळे तेच मास्टर असले तरी आकडा मोठा येतो. सीडी सीडीशी, एलपी एलपीशी ताडा.

दोन, मोठा आकडा म्हणजे चांगला आवाज समजणे. ८० च्या दशकातल्या काही पहिल्या सीड्या पातळ आणि बास नसलेल्या आहेत. तिथे डीआर ९ चे नीट केलेले रिमास्टर जास्त सुखाचे लागते. आकड्यावरून फक्त धोक्याची कल्पना येते.

तीन, स्ट्रीमिंगवर ऐकून प्रत निवडणे. तिथे बहुधा ताजे रिमास्टरच ठेवलेले असते, शिवाय आवाजाची पातळी सेवा आपोआप सारखी करते. तुम्ही मागवणार असलेली १९८८ ची प्रत तिथे नसेल.

## टप्पा ५: एलपी हवीच असेल तर

एका बाजूला १८ ते २२ मिनिटे बसली तर पातळी आणि बास दोन्ही नीट राहतात. नव्वदीनंतरचे पॉवर मेटल अल्बम साठ मिनिटांच्या पुढे जातात, कारण ते सीडीसाठी बांधले गेले. ‘नाइटफॉल इन मिडल-अर्थ’ पासष्ट मिनिटांचा आहे, तो एका एलपीवर नीट मावणार नाही. असा अल्बम दोन एलपींवर आहे का, ते आधी बघा. एकाच एलपीवर कोंबलेला असेल तर सोडून द्या.

पिक्चर डिस्क भिंतीवर लावायला छान. पृष्ठभागाचा खरखराट जास्त असतो, ऐकण्यासाठी काळी किंवा साधी रंगीत एलपी घ्या.

## टप्पा ६: मागवणे

काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झाल्यापासून मुंबईतही या प्रकारची सीडी हातात घेऊन पाहण्याची सोय फारशी उरली नाही. परदेशातूनच मागवावे लागते, म्हणून विक्रेत्याला विचारायचे प्रश्न आधीच लिहून ठेवा:

- डिस्कच्या खालच्या बाजूचा फोटो, कड्यावरचा मॅट्रिक्स वाचता येईल असा.
- मागचा कागद आणि ओबीचा फोटो.
- डिस्कच्या मधल्या भोकाभोवती तडे आहेत का.
- बुकलेटवर पाण्याचे डाग, नाव, शिक्का आहे का.

दर्जाच्या खुणांत डिस्क आणि कव्हर वेगवेगळे मोजतात. ‘निअर मिंट’ आणि ‘व्हीजी प्लस’ घ्यायला हरकत नाही. ‘गुड’ या खुणेवर जाऊ नका. त्या मोजपट्टीत ती तळाजवळ आहे, डिस्क चरचरणार हे गृहीत धरा.

ज्यूएल केसमधली सीडी साधारण १०० ग्रॅम भरते. टपालदर वजनाच्या टप्प्यांनी वाढतात, त्यामुळे एकट्या सीडीपेक्षा तीन-चार एकत्र मागवणे परवडते. विक्रेत्याला सांगा: डिस्क केसमधून काढून वेगळ्या प्लास्टिक पाकिटात ठेवा, केस तशीच पाठवा. मधले दात तुटून डिस्कवर घासले जाणे हा प्रवासातला सर्वांत सामान्य अपघात आहे. एलपीबाबत उलट सवय हवी: रेकॉर्ड आतल्या पाकिटासह कव्हरच्या बाहेर, मागे ठेवायला सांगा, म्हणजे कव्हरची शिवण फाटत नाही.

आयातशुल्क वस्तूच्या किमतीवर नव्हे, तर किंमत, वाहतूक आणि विमा मिळून होणाऱ्या रकमेवर धरतात, आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) त्यात आयातशुल्क मिळवून. त्या दिवसाचा दर सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. पार्सलवरच्या सीएन २२ या सीमाशुल्क फॉर्मवर वस्तूचे वर्णन स्पष्ट हवे: ‘ध्वनिमुद्रित सीडी, ३ नग’ आणि खरी किंमत. खासगी कुरिअरने मागवले तर ओळखपत्राची कागदपत्रे मागतात. संदेशाला लगेच उत्तर दिले नाही तर पार्सल अडकते.

इशारा: ‘भेटवस्तू लिहा, किंमत कमी दाखवा’ असा सल्ला मिळेल. भेटवस्तू लिहिल्याने शुल्क टळत नाही, खोटी किंमत हा गुन्हा आहे, आणि पार्सल हरवले तर भरपाई त्या खोट्या किमतीचीच मिळेल.

जर्मनीत किंवा जपानमध्ये नातेवाईक असेल तर तिथल्या पत्त्यावर मागवून सुटीत आणायला सांगणे सोपे पडते. त्याला एवढेच बजावा की सीड्या हातातल्या बॅगेत ठेव.

नवे प्रकाशन असेल तर तारखांकडे लक्ष द्या. जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात, जपानी प्रत पुष्कळदा त्याच आठवड्यात बुधवारी. आगाऊ मागणी करताना मर्यादित आवृत्तीत नेमके काय जास्त आहे ते वाचा. पॉवर मेटलच्या दुसऱ्या डिस्कवर बरेचदा त्याच गाण्यांची गायनाविना किंवा केवळ वाद्यवृंदाची रूपे असतात. एकदा ऐकून ती कपाटात जातात.

## टप्पा ७: पार्सल उघडल्यावर

पाकीट फोडतानाचा व्हिडिओ काढा, तक्रारीला तोच पुरावा लागतो. मग या क्रमाने पाहा: कॅटलॉग क्रमांक तीन ठिकाणी, बारकोड, मॅट्रिक्स, बुकलेटची पाने, शेवटी डिस्कचा पृष्ठभाग.

टॉर्च डिस्कच्या छापील बाजूवर धरून खालून पाहा. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर चकाकता थर गेला आहे. खालच्या बाजूचा ओरखडा बरेचदा वाचता येतो, छापील बाजूचा खोल ओरखडा मात्र थेट माहिती उडवतो. १९८८ ते १९९३ मधली डिस्क असेल आणि कड्यावर ‘मेड इन यू.के. बाय पीडीओ’ असेल, तर कडेपासून तांबूस रंग चढतोय का ते पाहा. हा त्या कारखान्याचा माहीत असलेला दोष आहे, वाढत जातो. अशी डिस्क लगेच रिप करा.

पुसायची असेल तर मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल फिरवून पुसले की ओरखडा माहितीच्या मार्गाला समांतर पडतो आणि दुरुस्ती करणे ड्राइव्हला जमत नाही.

## टप्पा ८: रिप करणे

रिप करण्याचे सॉफ्टवेअर असे: विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर. प्लेअरमधल्या ‘इम्पोर्ट’ बटणाने काम करू नका. वाचताना चूक झाली तर ती तशीच गिळली जाते.

१. सिक्युअर मोड (पुन्हा वाचून ताडणारी पद्धत) लावा. सी२ चा (ड्राइव्हने स्वतः चुका कळवण्याचा) पर्याय बंद ठेवा, कारण अनेक ड्राइव्ह चुकांची माहिती नीट देत नाहीत.

२. ड्राइव्हचा ऑफसेट (वाचायला सुरुवात करताना पडणारा ठरावीक फरक) भरा. तो मॉडेलगणिक बदलतो, +६ किंवा +६६७ असा. ॲक्युरेटरिप (इतरांच्या रिपशी तुमची रिप ताडणारी सेवा) हिच्या यादीत तुमचे मॉडेल शोधा. ड्राइव्ह बदलला की हे पुन्हा करायचे.

३. गाण्यांमधल्या जागा शोधून त्या आधीच्या गाण्याला जोडा, आणि क्यू फाइल (गाण्यांच्या सुरुवातीच्या जागांची यादी) बनवा. पहिल्या गाण्याच्या आधी दडवलेला ट्रॅक असेल तर तोही इथेच कळतो: पहिल्या गाण्याची सुरुवात ००:०० ऐवजी काही मिनिटांवर दिसते.

४. ‘टेस्ट अँड कॉपी’ चालवा. दोन्ही वाचनांचा सीआरसी (माहितीवरून काढलेला पडताळणी क्रमांक) जुळला पाहिजे.

५. फ्लॅकमध्ये (काहीही न गमावता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात) साठवा. ८ वी पातळी वापरा, आवाजात फरक नाही, फक्त फाइल थोडी लहान होते. साठ मिनिटांचे असंपीडित ध्वनी ६३५ एमबी भरते. दाट मेटल फ्लॅकमध्येही साधारण ४०० ते ४८० एमबी राहते, कारण दाबलेले मास्टरिंग नीट आकुंचत नाही.

६. लॉग फाइल जपून ठेवा.

तपासणी: ॲक्युरेटरिपने ‘जुळले’ म्हटले तर काम झाले. ‘जुळले नाही’ म्हटले आणि सगळेच ट्रॅक जुळत नसतील, पण सीआरसी दोन्ही वेळा सारखा असेल, तर घाबरू नका: तुमची प्रेसिंग वेगळी आहे. क्यूटूल्स या सॉफ्टवेअरने पुन्हा ताडून पाहा. एकच ट्रॅक जुळत नसेल तर तो ओरखडा आहे. डिस्क पुसा, वेग कमी करा, तेवढाच ट्रॅक पुन्हा घ्या.

मेलोडिक रॉकच्या १९८३-८६ च्या पहिल्या जपानी बनावटीच्या सीड्यांत प्री-एम्फसिस असू शकते. म्हणजे वरच्या पट्ट्या वाढवून कोरलेल्या असतात आणि प्लेअर त्या ५०/१५ मायक्रोसेकंदांच्या फिल्टरने खाली आणतो. रिप केलेल्या फाइलमध्ये ते आपोआप होत नाही. झांजा कर्कश आणि आवाज बारीक लागला तर लॉगमध्ये खूण तपासा आणि सॉक्स (SoX) सारख्या सॉफ्टवेअरने डी-एम्फसिस, म्हणजे उलटा फिल्टर, लावा. ‘जुन्या सीडीचा आवाज खराब’ म्हणून फेकलेल्या काही प्रतींत दोष एवढाच असतो.

## टप्पा ९: टॅग आणि सलग वाजणे

‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना भरायलाच हवा. अवांतासियासारख्या प्रकल्पात प्रत्येक गाण्याला पाहुणे गायक असतात. त्यांची नावे ‘आर्टिस्ट’मध्ये टाकली आणि अल्बम आर्टिस्ट रिकामा ठेवला की एका अल्बमचे दहा तुकडे होतात. मूळ वर्ष आणि आवृत्तीचे वर्ष वेगळे लिहा. अल्बमच्या नावापुढे कॅटलॉग क्रमांक जोडा, म्हणजे जपानी आणि युरोपीय प्रत एकमेकींवर चढणार नाही.

‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’च्या दोन्ही भागांत छोटी प्रस्तावना संपते आणि श्वास न घेता पहिले गाणे सुरू होते. ‘नाइटफॉल’मध्ये तर बावीस ट्रॅकपैकी निम्मे मधले छोटे तुकडे आहेत. प्लेअरने मध्ये अर्धा सेकंद खाल्ला तर अल्बमचा कणाच मोडतो. प्लेअरमध्ये गॅपलेस (मध्ये खंड न पाडता वाजवणे) चालू करा, क्रॉसफेड (एक गाणे विरत दुसरे सुरू होणे) बंद करा, आणि फोनवर टाकण्यापूर्वी याच दोन अल्बमवर चाचणी घ्या.

## टप्पा १०: दोन आवृत्त्यांची तुलना

जास्त मोठा आवाज कानाला आधी चांगलाच वाटतो. म्हणून पातळी सारखी केल्याशिवाय तुलना करू नका. फूबार २००० या प्लेअरमध्ये दोन्ही फाइलवर रिप्लेगेन (पातळी सारखी करणारी सोय) चालवा, मग एबीएक्स (आंधळी तुलना) जोडणीने कोणती कोणती हे न पाहता ऐका.

तीस सेकंदांचा तुकडा निवडा, ज्यात शांत कडव्यातून पूर्ण कोरस येतो. पहिल्या फेरीत फक्त स्नेअर ऐका, दुसरीत डबल बास वेगळा कळतो का ते, तिसरीत कोरस येताना जागा वाढते की आक्रसते. सोळापैकी बारा वेळा बरोबर ओळखता आले नाही, तर महागडी आवृत्ती परत विकून टाकायला हरकत नाही.

## टप्पा ११: साठवण

कोकणपट्टी आणि मुंबईच्या पावसाळ्यात डिस्कपेक्षा कागद आधी जातो. बुकलेटची गुळगुळीत पाने एकमेकांना चिकटतात, ओबीवर तपकिरी ठिपके येतात. ओबी आणि केस बाहेरच्या पॉलिप्रॉपिलिनच्या पाकिटात ठेवा, पीव्हीसीच्या नको, ते काळाने चिकट होते. बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट टाळा. सिलिका जेलच्या पुड्या रंग बदलल्या की ओव्हनमध्ये वाळवून परत ठेवा. एलपी उभ्याच ठेवा, आडव्या रचल्या की वाकतात.

डिजिपॅक आणि मीडियाबुकमधल्या कागदी कप्प्यातून डिस्क ओढून काढताना ओरखडे पडतात. कप्पा बोटांनी किंचित फाकवा आणि डिस्क कडेने धरा. त्यात पातळ आतले पाकीट घातले तर आणखी बरे.

फ्लॅकच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, एक घराबाहेर. प्रत्येक फ्लॅक फाइलमध्ये ध्वनीचा एमडी५ (पडताळणी क्रमांक) साठवलेला असतो. वर्षातून एकदा पूर्ण संग्रहावर ही चाचणी चालवा, आणि एखादी फाइल नापास झाली तर दुसऱ्या डिस्कवरची प्रत आधी तपासून मगच ती बदला.